रोझेलाने तंबाखू घेतली

रोझेला शवांडाच्या हातून आयुष्यात एकच घाई झाली, आणि तीच तिला नडली. एरवी बाई सावकाश. तळ्यात होडीत बसून पाण्यात आपोआप उगवणाऱ्या रानभाताच्या लोंब्या काठीने झोडायची, तेव्हा थोडे दाणे मुद्दाम पाण्यात पडू द्यायची. ते पुढच्या वर्षीचं बी.

पण त्या तळ्याकाठी आता शहरवाल्यांचे उन्हाळी बंगले. भात त्यांच्या मोटरबोटींच्या पंख्यात अडकायचा. गेल्या वर्षी त्यांनी मशीन लावून अर्धा भात कापला आणि काठावर कुजत टाकला. अन्न हो, अन्न! उरलेला अर्धा तरी वाचावा म्हणून रोझेला बंगलेवाल्यांच्या संघाचे उंबरे झिजवत होती.

म्हणून संघाची अध्यक्षा ब्रेंडा लाल कापडात तंबाखू बांधून दारात आली, तेव्हा रोझेलाला वाटलं, आली एकदाची भाताचं विचारायला! तिच्या लोकांत, म्हणजे इथल्या मूळच्या अनिशिनाबे आदिवासींत, तंबाखू पुढे करून मागणं मागतात. घेतली की शब्द दिला. आधी मागणं ऐकायचं, मग हात पुढे करायचा. रोझेलाने आनंदाच्या भरात आधी हात पुढे केला.

"आमच्या बोटींच्या नव्या धक्क्याचं उद्घाटन आहे," ब्रेंडा म्हणाली. "ही भूमी तुमची, असं आम्ही जाहीर वाचणार आहोत. तुम्ही स्वागताचे दोन शब्द बोला ना."

ती गेल्यावर भाची टॅनिस भडकली. "मावशी, परत कर ती तंबाखू! तोंडावर फेक तिच्या!"

"घेतली ना गं, माझे आई! आता शब्द कसा फिरवू?"

उद्घाटनाला ब्रेंडाने कागद वाचला. "आपण अनिशिनाबे लोकांच्या भूमीवर उभे आहोत..." नावसुद्धा धड घेता येईना, पण चेहरा असा, जणू सातबारा परत करतेय. नुसती तोंडाची वाफ! रोझेला उठली. स्वागत-बिगत राहिलं बाजूला.

"भूमी आमची म्हणता, तर मग भात कापू नका. माझी आई गेली, तेव्हा तिच्या तोंडी शेवटचा घास याच भाताचा होता. उरलाय तेवढा तरी राहू द्या. पाया पडते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी डोळे पुसले. ब्रेंडाने तर मिठीच मारली.

"म्हणजे मशीन नाही ना येणार?" रोझेलाने विचारलं.

"ते ना... ते सोमवारी येतंय हो. ठरलंय तसं. बोटी काढायच्या तर इलाज नाही. पण काय बोललात तुम्ही! पुढच्या वर्षीही या हं. अगदी हेच बोला."