शेजारचा ब्रेक

मावशी रोज सकाळी एका पायावर उभी राहून दात घासायची. वरचे दात उजव्या पायावर, खालचे डाव्यावर. मग गॅलरीत येऊन खालून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर उलटे म्हणायची.

"उठला का आमचा बगळा?" काका आतून ओरडायचे.

ती तोंडातल्या फेसासकट हसायची, पण हा खेळ नव्हता. तिला भीती वाटायची. उभं आयुष्य तिने लोकांना मोटार शिकवली. धंदा बंद केल्यावर शिकवणीचीच जुनी गाडी घरी ठेवली. त्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होते, चालवणाऱ्याच्या पेडलांना जोडलेले, शिकवणाऱ्यासाठी. काकांचे गुडघे गेलेले. त्यांना व्यायामाला न्यायचं तर तिनेच. वयामुळे लायसन्स गेलं की दोघंही घरात अडकणार, हे तिला माहीत होतं.

लायसन्सच्या नूतनीकरणाला लागणाऱ्या दाखल्यासाठी ती डॉक्टरांकडे निघाली, तेव्हा मी सोबत होते. त्यांनी तिचे डोळे तपासले, मान वळवायला लावली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ती थांबेचना.

"बस, बस! आजी, माझ्यापेक्षा तुम्हीच ठणठणीत आहात."

"आजी कुणाला म्हणता? तुमच्या बायकोला गाडी मी शिकवलीय."

दाखला पर्समध्ये टाकून ती खुशीत गाडी चालवत निघाली, मी शेजारच्या सीटवर. बेकरीच्या वळणावर एक बाई लहान मुलीचा हात धरून अचानक रस्त्यात उतरली. मावशीने तिला पाहिलं. माझ्याही आधी पाहिलं. आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे झेपावली.

मी माझ्यापुढच्या क्लच-ब्रेकवर दोन्ही पाय जिवाच्या आकांताने दाबले. इंजिन किंचाळत राहिलं, गाडी जागच्या जागी थरथरली. काचेपलीकडे मुलीची लाल टोपी तेवढी दिसत होती. बाई काहीतरी ओरडली, मुलीला कडेवर घेऊन पळाली.

"मी ब्रेकच दाबला," मावशी म्हणाली.

"मावशी, इंजिन ओरडत होतं गं."

तिने खाली पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेजारच्या सीटवर दोनच पेडल असतात, उजवा पाय ब्रेकवर. सगळी हयात तिने तिथे बसून लोकांना वाचवलं होतं. इकडे उजव्या टोकाला अॅक्सिलरेटर होता. डोकं शाबूत होतं, पाय शाबूत होते. घाबरलेला पाय मात्र आपल्या जुन्या जागी गेला होता.

"हे कुठला डॉक्टर तपासणार?" ती पुटपुटली. मग दार उघडून, गाडीला धरत धरत माझ्या बाजूला आली. "सरक तिकडे."

तेव्हापासून गाडी मीच चालवायचे. चौकात, फाटकाशी, कुणी आडवं येण्याआधीच माझ्या पायाखालचा ब्रेक हळूच खाली जायचा. मी चिडायचे. "मला दिसतंय गं!"

"मला कुठे दिसतंय तुला दिसलेलं?"

नंतर एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. मी गाडी काढली. काका मागे बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवून. पूर्ण रस्ताभर, एकाही चौकात, माझ्या पायाखालचा ब्रेक आपोआप हलला नाही. मी वाट बघत राहिले. इतकी भीती मला त्या वळणावरही वाटली नव्हती.

दवाखान्याच्या दारात दोन वॉर्डबॉयनी तिला चाकांच्या खुर्चीवर घेतलं. मी मागे धावले, तर तिने मान वळवून गाडीकडे पाहिलं.

"हँडब्रेक ओढलास ना? उतार आहे इथे."