इंग्लंडच्या किनाऱ्यावर घातलेलं गाऱ्हाणं

गाववाल्यांनो, लिहायला उशीर झाला, रागावू नका.

माझे काका महायुद्धात गेले. त्यांचं थडगं इंग्लंडच्या किनाऱ्यावर, नौदलाच्या दफनभूमीत. आज आमच्या घरचं माणूस पहिल्यांदा तिथे उभं राहिलं, माझी नात. मी विक्रोळीत व्हिडिओ कॉलवर मोबाईल धरून, नेटवर्क जाईल या धास्तीत.

"आबा, गावच्या देवाला घालता तसं गाऱ्हाणं घाला ना!"

चुकतमाकत घातलं. "बा देवा म्हाराजा, आमच्या दर्यावर्दी काकाची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नात ओरडली. मागोमाग तिथला गोरा माळीही ओरडला. ऊर भरून आला.

शेजारच्या दगडांवरही आपल्या कोकणातली नावं आहेत. नात उद्या दुपारपर्यंतच तिथे आहे. तुमच्या घरचं कुणी तिथे असेल तर नाव लवकर कळवा, गाऱ्हाणं मी घालतो.