वन्संच्या सड्यावरची दीपकाडी

आधी वन्सं गेल्या. मग फुलं आली.

आज वर्ष झालं, तरी हा क्रम माझ्या मनाला पटत नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सुमन. सगळ्या गावाची सुमनाक्का.

आमचं गाव मलकापूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. वर सपाट काळ्या कातळाचा सडा. त्या कातळात चिमूटभर माती साठते आणि त्या मातीत दीपकाडीचा कांदा असतो. गावात त्याला कुणी नावानं ओळखत नाही. रानकांदा म्हणून सोडून देतात. पावसाळा अंगात मुरला की गवतासारखी पात येते, मग दांडा, मग निशिगंधासारखी पांढरी फुलं. थोडेच दिवस. मग पुन्हा वर्षभर काही दिसत नाही.

लग्न होऊन मी कोल्हापुरातून या घरात आले. त्याच पावसाळ्यात वन्संनी मला हाताला धरून वर नेलं. मी धापा टाकत होते.

"वन्सं, अजून किती लांब?"

"बोलू नको, चाल. बोललीस की दम जातोय."

वर पोचलो. सगळा सडा पांढरा. पाय कुठं ठेवावा कळेना.

वन्सं शेजारी बसल्या आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं. एकदाच. परत कधी नाही.

त्यांना कोडोलीला दिलेलं. नवऱ्यानं दुसरा घरोबा केला आणि वन्सं माहेरी आल्या. मग रोज कोणीतरी बाई काहीतरी निमित्त काढून घरी यायची. तोंड बघायला.

"म्हणून म्हसरं घिऊन हितं यायचो मी. दिवसभर. हितं कोण काय इचारत न्हाय. ल्हानपणापास्नं ह्या फुलांवरनं चालत गेलतो, पर बघितली तवाच."

नंतर त्यांनी गावातली दूध डेअरी सांभाळली. सड्यापलीकडच्या धनगरवाड्याचं दूध त्यांच्याकडं यायचं. कुणाचं दूध पातळ लागलं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या. आणि त्याच माणसाच्या घरी बाळंतीण असली की डबा पाठवायच्या.

दरवर्षी आम्ही दोघी वर जायचो. मी कोल्हापुरात नोकरीला लागले तरी रजा टाकून जायचे. ऑफिसात विचारायचे, कसली रजा? मी सांगायचे, नणंदेबरोबर फिरायला. कुणाला खरं वाटायचं नाही.

मग आजार आला. पोटाचा. कळायला उशीर झाला होता.

उपचारासाठी त्या आमच्या कोल्हापूरच्या फ्लॅटवर राहिल्या. तिथं त्यांचा जीव रमला नाही. एकदा तपासणीला नेलं, तर डॉक्टरांना म्हणाल्या,

"पावणं, आडपडदा नको. हातात किती दिस हाईत?"

डॉक्टर तरुण होते. खाली बघत म्हणाले, "घरी न्या. त्यांना आवडेल ते करा."

रिक्षात बसल्यावर वन्संनी विचारलं, "आता पात वर आली असंल न्हवं?"

हे म्हणाले, "आक्का, मी एक कांदा काढून आणतो. कुंडीत लावू."

"हात लावायचा न्हाय. हाय तितं ऱ्हाऊ दे."

मग आम्ही त्यांनाच गावाला नेलं.

धनगरवाड्याला रस्ता नाही. तिथलं आजारी माणूस डोलीतनं खाली आणतात, बांबूला घोंगडं बांधून. आम्ही आलोय हे कळल्यावर तिथला धोंडीबा तीच डोली घेऊन दारात उभा राहिला. बरोबर वाड्यावरची आणखी माणसं.

"सुमनाक्का, आजवर आमची माणसं खाली आणली. आज तुमास्नी वर न्हेतो."

वन्संनी पदर तोंडाला लावला.

एका बाजूला ह्यांनी खांदा दिला. मी छत्री धरून शेजारून चालले. वाट निसरडी होती. वन्संचं वजन एवढं कमी झालं होतं, की उचलताना धोंडीबानं एकदा ह्यांच्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

वर धुकं होतं.

आणि फुलं नव्हती.

नुसती हिरवी पात. वन्संनी खाली उतरवायला लावलं. ओल्या कातळावर बसून बोटांनी चाचपत राहिल्या.

"दांडा आलाय," म्हणाल्या. "कळ्या धरल्यात. हे बघ मनीषा."

मी बघितलं. मला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसेना.

परत निघताना त्यांनी हळूच विचारलं, "परवा-तेरवा परत आणशीला काय रं?"

हे डोलीची गाठ घट्ट करत राहिले.

धोंडीबा म्हणाला, "आणतो की आक्का. त्यात काय."

मग पाऊस लागून राहिला. ओढ्याला पाणी आलं, वाट बंद झाली. पाऊस थांबायच्या आत वन्सं थांबल्या. सकाळी. मी चहा गाळत होते.

कार्य उरकल्यावर मी एकटी वर गेले.

सडा पांढरा झाला होता.

मला राग आला. फुलांचा. खोटं कशाला सांगू? घाई कधी केली नाही त्यांनी, त्या वर्षी थोडी केली असती तर काय बिघडलं असतं?

हे मात्र वर्षभर सड्यावर गेले नाहीत. विषय काढला की उठून जायचे. आज सकाळी मी निघाले, तर दाराशी छत्री घेऊन उभे.

वाटभर माझ्या पुढंच चालले.

वर पोचल्यावर एका दीपकाडीजवळ उकिडवे बसले.  मग फुलाकडं बघतच म्हणाले,

"आक्का, आणलं न्हाय गं तुला परत."

लग्नानंतर एवढ्या वर्षांत मी ह्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. मी शेजारी बसून राहिले. हात धरला. पाऊस आला तरी उठलो नाही.

वर फोनला रेंज नसते. खाली घरी येऊन हे लिहितेय. फोटो काढलेला नाही.

वन्सं, ह्या वर्षी चांगली फुललीय. तुम्ही हव्या होतात.

तुमच्या आठवणीपुढं आम्हा दोघांचा वाकून नमस्कार.