ग्रंथालय आमच्या गच्चीवर

माझ्या कारकिर्दीत आमच्या शाळेच्या ग्रंथालयातलं एकही पुस्तक खराब झालं नाही. कारण ते कोणाला मिळालंच नाही.

शहाद्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत ग्रंथालय माझ्याकडे आहे. नवी पुस्तकं आली की मी त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घालतो, कपाटात उंचीनुसार लावतो आणि कुलूप ठोकतो. कपाटावर माझ्याच वळणदार अक्षरात सूचना होती : 'हात स्वच्छ धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावू नये.' पोरं हात धुऊन येईपर्यंत तास संपलेला असे. (नळ मैदानाच्या पलीकडे आहे, त्याला मी काय करणार?)

यंदा एप्रिलमध्ये ग्रंथालयाच्या खोलीचे पत्रे बदलायला काढले. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही, म्हणून सगळी पुस्तकं रिक्षात घालून मी घरी आणली आणि आईच्या खोलीत रचून निर्धास्त झालो. मग एका दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला.

"उद्या नंदुरबारहून साहेब येताहेत. जिथली पुस्तकं वापरात नाहीत तिथून उचलून दुसऱ्या शाळेला देताहेत म्हणे."

"सर, ग्रंथालय माझ्याकडे आहे," मी म्हणालो, "तुम्ही झोपा निवांत."

आईच्या खोलीत गेलो, तर पुस्तकं गायब.

गच्चीवर धावलो. आई गल्लीतल्या बायकांना घेऊन उडदाचे पापड लाटत होती. साड्या अंथरून त्यांवर पापड वाळत घातलेले, शेजारी लाल मिरच्या, आणि साड्यांच्या कडांवर दगडांऐवजी आमचं ग्रंथालय!

"माय, त्या शाळाना पुस्तके शेतस!"

"मंग? वारा कितला शे देख. साडी उडी गयी तं पापड येचाले तू येशी का?"

"पन पुस्तके..."

"तुन्हा कपाटमा काय काम व्हतं त्यासले?"

याला माझ्याकडे चोख उत्तर होतं, पण बायका हसत होत्या म्हणून दिलं नाही. कावळे हाकलायला त्यांची पोरं, म्हणजे माझेच विद्यार्थी, जिन्याच्या सावलीत बसवली होती. कावळे खुशाल पापड खात होते आणि पोरं पुस्तकात डोकं खुपसून बसली होती.

संध्याकाळी ओलं फडकं घेऊन बसलो. मिरचीने लाल झालेल्या बोटांचे ठसे पुसायला गेलो, तर ते आणखी पसरले. पानापानांतून पापडाचे तुकडे निघाले. पोरांनी खुणेला घातले होते. पुस्तकं जाणार आणि वर माझी शोभा होणार, हे नक्की झालं.

सकाळी पुस्तकं पुन्हा रिक्षात घालून शाळेत नेली. वर्गात साहेबांनी पहिलंच पुस्तक उघडलं आणि अशा शिंका दिल्या की मुख्याध्यापक पाणी आणायला धावले. नाक पुसत साहेब म्हणाले, "गुरुजी, सगळीकडे कोरी करकरीत पुस्तकं बघून कंटाळलो होतो. ही मात्र खरंच वाचलेली दिसतात."

"प्रयत्न असतात, साहेब," मी नम्रपणे म्हणालो.

"यात काय आहे, कोण सांगेल?"

सातवीतली निर्मला उभी राहिली. "एक म्हैस शे. ती रेलमा बसीसन सुरतले जास."

"वा! आणि शेवटी काय होतं?" हे विचारलं मात्र माझ्याकडे बघून. मी त्या पुस्तकाला कव्हर घातलं होतं. आत डोकावलो नव्हतो. तरी ठामपणे सांगितलं, "शेवटी म्हैस सुखरूप घरी येते."

"नही सर," निर्मला म्हणाली, "ती तठेज ऱ्हास. दूधनी डेअरी टाकस."

साहेब खूप हसले. "पुस्तकं इथेच राहू द्या. आणि गुरुजींनाही एखादं देत चला."

पत्रे अजून बसायचे होते, म्हणून पुस्तकं परत आमच्या गच्चीवर. त्या संध्याकाळी म्हशीचा काय तो निकाल लावायचाच असं ठरवून मी वर गेलो आणि ते पुस्तक उचलायला वाकलो. आईनं लाटण्यावरची नजरही काढली नाही.

"हात धुई ये पयले."

मी निमूटपणे खाली जाऊन हात धुऊन आलो. तोवर पुस्तक कोणीतरी नेलं होतं.