आजींच्या गळ्यातलं जॅकेट

मी एअरपोर्टच्या बाजूला कामाला आहे म्हटलं की तुमचे डोळे चमकतात, माहितीये मला. आता हा पायलटचे किस्से सांगणार, एअर होस्टेसचं काहीतरी सांगणार. तर ऐका, मी अजून एकदाही विमानात बसलेलो नाही. लांज्याच्या शाळेत शिकलो, आयटीआय केला आणि आता मरोळच्या एका गाळ्यात विमानातली लाइफ जॅकेटं तपासतो. बाजूच्या हॉलमध्ये विमानाच्या दारातून फुगून बाहेर पडतात त्या घसरगुंड्या दुरुस्त होतात. म्हणून गावाला आई सांगते, पोरगा घसरगुंड्या सांभाळतो. लोकांना वाटतं बागेत आहे.

काम किचकट आहे. जॅकेट पाउचमधून काढायचं, हवा भरून कित्येक तास टेबलावर ठेवायचं, हवा उतरते का बघायचं. जॅकेट फुगवणारा गॅसचा छोटा सिलिंडर काट्यावर ठेवायचा, वजन जरा कमी भरलं की बाद. शिट्टी, दिवा, तोंडाने फुगवायची नळी, सगळं बघायचं. मग पुस्तकात दाखवलीय तशीच घडी. घडी चुकली तर पाण्यात पडायची वेळ आलेल्या माणसाला ते पटकन गळ्यात घालता येत नाही. आमच्या इनचार्ज मॅडमना घडी पटली नाही तर त्या बोलत नाहीत, नुसती उघडून आपल्यासमोर ठेवतात. त्यांची नक्कल मी झकास करतो. त्यांनाही ते ठाऊक आहे. सगळं जमलं की लेबलवर माझा शिक्का.

आणि एवढं करून लोक काय करतात? चोरतात. सीटखालून काढून बॅगेत कोंबतात आणि घरी नेतात. बाराशेचं तिकीट काढून आलेला माणूस असो नाहीतर खिडकीसाठी जादा पैसे भरलेला, हात सारखाच चालतो. गोव्याला पोहायला होईल म्हणे. अरे, तुझ्यानंतर त्या सीटवर बसणाऱ्याने काय गळ्यात घालायचं, सीटबेल्ट?

एका रविवारी मी आणि गाळ्यातला एक मित्र वर्सोव्याहून मढला मासे खायला निघालो. बोट सुटली आणि समोर बघतो तर एका आजींच्या गळ्यात पिवळं जॅकेट. नऊवारीवर. बाजूला त्यांचा मुलगा, पन्नाशीचा, फोटो काढतोय. आजी पाण्याला घाबरत होत्या, एका हाताने त्याची बाही धरून होत्या. मी वाकून लेबल बघितलं. माझा शिक्का.

डोकंच फिरलं माझं. सरळ विचारायचं ना? पण मी उभा राहिलो, हात पसरले आणि एअर होस्टेसचा तो गोड आवाज काढला, "कृपया ध्यान दीजिए. आपकी लाइफ जॅकेट आपकी सीट के नीचे थी. अंकल घर ले गये."

बोट हसली. मग मी तोंडाला मास्क लावायची अॅक्टिंग केली, दरवाजे दाखवले, दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं. नाखवासुद्धा हसला. मित्र शर्ट ओढत म्हणत होता, बस रे, पण मला चेव चढला होता. शेवटी मी त्या मुलाला विचारलं, कुठल्या फ्लाइटमधून ढापलं, कुठली सीट? तो लालबुंद झाला होता.

"बाजारातून आणलंय," तो म्हणाला. "जा, काय करायचं ते कर."

त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही. आजींनीच जॅकेट डोक्यावरून काढून माझ्या हातात दिलं. "घे रे बाबा, तुझं असेल तर," म्हणाल्या आणि पोहोचेपर्यंत दोन्ही हातांनी बाकडं घट्ट धरून बसल्या. पलीकडे उतरल्यावर मायलेक मागे न बघता रिक्षात बसून गेले.

सोमवारी मी जॅकेट मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि सगळा प्रसंग आवाजांसकट करून दाखवला. पोरं खदाखदा हसली. मॅडमनी लेबल वाचलं, रजिस्टर काढलं.

"हे कुठल्या एअरलाइनला गेलं तेवढं यात आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्या विमानात, कुठल्या सीटखाली, ते नाही. सीट कुठली होती?"

तो बोलला नाही, असं मी सांगितलं.

"कसा बोलेल? आईसमोर चोर म्हणालास त्याला, तेही नाचून. बाजूला घेऊन हळू विचारलं असतंस तर निम्मी शक्यता तरी होती. त्या सीटखाली आत्ता या मिनिटाला जॅकेट नाही, आणि बहुतेक कोणीतरी बसलंयसुद्धा तिच्यावर. सांगू शकणारा एकच माणूस होता, त्याचं तू तोंड बंद केलंस. आणि त्या म्हातारीला चालत्या बोटीत जॅकेट काढायला लावलंस. लाइफ जॅकेटं तपासतोस ना तू?"

कोणी हसत नव्हतं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"एअरलाइनला लाव. सगळी विमानं तपासायला सांग. एक पाउच रिकामं आहे, कुठलं ते माहीत नाही म्हणून सांग. का माहीत नाही विचारलं तर खरं तेच सांग, बोटीवर लोक हसत होते."