आवळून बांधलेलं पोट

मी मुळात भित्री. घरात कुणी दोनदा खोकलं तरी माझ्या डोळ्यांसमोर दवाखाना उभा राहतो. आणि घाबरले की मी ओरडते, त्यामुळे माहेरी माझी ख्याती भांडकुदळ अशी. धाकट्या बहिणीचं सिझेरियन झालं आणि ती देवळाली कॅम्पला आईकडे आली, तेव्हा मुलांच्या सुट्टीचं निमित्त करून मीही तिथंच मुक्काम ठोकला. नव्वदच्या दशकाची अखेर, मे महिना, घामाच्या नुसत्या धारा.

भेटायला येणाऱ्या बायका आधी बाळ बघायच्या, मग तिचं पोट. आमची एक मामी तर दारातूनच म्हणाली, "अगं, अजून एक आत राहिलंय का काय?" सगळ्या हसल्या, बहीणही हसली. निफाडहून तिच्या सासूबाई आल्या. त्या मायेनंच बोलल्या. "पोट आत्ताच आवळून घे पोरी. मग काय केलं तरी जात नाय. आमच्या थोरल्या सुनंकडं बघ, कुणी म्हणंल का दोन लेकरांची आई हाय?"

बारशाला सगळं निफाड येणार होतं. सासूबाई गेल्यावर बहिणीनं लग्नातला शालू मागून घेतला. ब्लाऊजचे हुक काही केल्या काजापर्यंत पोचेनात, निऱ्या पोटावर बसेनात. ती खाली बघत म्हणाली, "ताई, हे माझं पोट नाहीये. कुणाचं तरी मला लावून दिलंय."

"होईल गं हळूहळू," मी म्हणाले. याच्याइतकं बिनकामाचं वाक्य बाळंतिणीला दुसरं कुठलं सांगत नसतील.

आईनं जुन्या सुती लुगड्याचा पट्टा फाडून दिला होता. आईचं, माझं, आमच्याकडे सगळ्यांचंच पोट बाळंतपणात असं बांधलेलं. पण आमची बाळंतपणं साधी. टाक्यांवरून पट्टा किती आवळायचा हे आईला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांना विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. बहीण म्हणाली, माझं मी बांधीन, आंघोळही माझी मी करीन. ती दार लावून घ्यायची. आम्हाला वाटलं, लाजत असेल.

एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली ती उठेचना. कपाळाला हात लावला तर चटका बसला. पदर सरकला होता आणि पट्ट्यावर पिवळट ओल दिसत होती. वास येत होता. मी पट्ट्याची गाठ सोडायला गेले तर तिनं दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.

"नको ताई. सोडलास की पोट सुटेल."

मी ओरडले. शेजारपाजारच्यांनी ऐकलं असेल इतकं ओरडले. शेवटी आईनं तिचे हात धरले आणि मी पट्टा सोडला. कापडाच्या सुरकुत्या कातडीत रुतून जांभळे वळ उठले होते. आंघोळीनंतर ओल्या अंगावरच ती रोज तो करकचून बांधत होती. टाक्यांचं एक टोक उकललं होतं आणि त्यातून पू येत होता.

बाळ आईपाशी ठेवून आम्ही रिक्षात बसलो. नेमके लष्कराचे ट्रक रांगेनं चाललेले, रस्ता बंद. ट्रक संपता संपेनात. तिची मान माझ्या खांद्यावर कलली होती. ही मेली तर बाळाला मी पाजणार कशी, हा एकच वेडा प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता.

नाशिकरोडच्या डॉक्टरबाईंनी दोन-तीन टाके मोकळे करून जखम धुतली. "पट्ट्याला नको कोण म्हणतंय? पण जखमेवर ओलं कापड, तेही असं आवळून?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. तेवढ्यात टेबलावरून बारीक आवाज आला.

"डॉक्टर, परत शिवताना थोडं आत घेऊन शिवाल का?"

शिंपिणीला सांगावं तसं. डॉक्टरबाईंचा हात थांबला. मी भिंतीला टेकले. पू निदान दिसत तरी होता. हे जे आत होतं ते धुवायचं कसं?

"रोज जखमेची पट्टी बदलाल तेव्हा तिला बघू द्या," बाई मला म्हणाल्या. "छताकडे तोंड करून पडू देऊ नका."

ती बघायचीच नाही. डोळे गच्च मिटून घ्यायची. एकदा वैतागून मी माझीच साडी खाली सरकवली. दोन मुलांचं पोट, सैल, पांढुरक्या चरांनी भरलेलं. तिनं एक डोळा उघडला. मग दोन्ही.

"तुझं असं आहे? कधी दिसलं नाही."

"प्रदर्शन भरवू का?"

"भावजी काही म्हणत नाहीत?"

"तू भावजींचं पोट बघितलंयस का?"

ती हसली, हसता हसता कळवळली, आणि जखमेवर हात धरायला म्हणून पहिल्यांदा खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

त्यानंतर ती रोज बघू लागली. बारसं आम्ही पुढं ढकललं. ताप उतरला, जखम आतून भरत आली. एकदा मी पट्टी चिकटवत असताना तिनं विचारलं, "त्या दिवशी मी मेले असते का गं?"

मला खोटं बोलता येईना. "मला तसंच वाटत होतं," मी म्हणाले.

"मला त्याची भीतीच वाटत नव्हती, ताई. बारशाचीच वाटत होती."

शेजारी झोपलेल्या बाळाकडे तिनं बघितलं. "आता वाटतेय," ती म्हणाली, "खूप वाटतेय," आणि तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी हात सोडवून घेतला नाही. तिला घाबरलेली बघून मला किती बरं वाटलं, ते कुणाला सांगता आलं नसतं.