असुंतामावशीचे चार सेकंद

आमच्या ओरुरोकडच्या कथलाच्या खाणीबाहेर असुंता कोल्के सत्तावीस वर्षं दगड फोडत होती. त्याआधी ती एका मोजणीदाराची साखळी धरायची. आकडेमोड तिथेच शिकली.

त्या मंगळवारी सकाळी मुख्य बोगदा ढासळला. तिघं आत अडकले. आत जाणाऱ्या पाइपावर त्यांची ठकठक ऐकू येत होती. वाट एकच उरली होती, हवेसाठी खणलेली जुनी उभी विहीर. तिची खोली कुणालाच ठाऊक नव्हती, आणि आमच्याकडचा दोर साठ मीटरचा.

मुकादम पोलिकार्पोने दगड टाकला. दोन सेकंदांत आवाज आला.

"वीस मीटर! फेर्मिन, तू उतर, दोर बांध कमरेला."

"थांब रे," असुंता गर्दीतून पुढे आली. "तो मध्येच पुढे आलेल्या खडकावर आपटला. तळाचा आवाज असा नसतो."

"मावशी, बायकांनी खाणीत डोकावलं की अपशकुन होतो."

"अपशकुन सकाळीच झाला, मी तर आत्ता आले. घड्याळ दे इकडे."

तिने आधी खाली ओरडून तिघांना विहिरीपासून लांब सरकायला सांगितलं. मग आडवी झोपली, हात मधोमध लांबवला आणि दगड नुसता सोडला. आम्ही मोजू लागलो. एक. दोन. तीन. चार... आणि खोलवर धप्प.

तिने पुन्हा टाकला. पुन्हा तेवढेच.

"पडणारी वस्तू दर क्षणाला वेग घेते," ती म्हणाली. "दोन सेकंदांत वीस मीटर, तीनमध्ये पंचेचाळीस, चारमध्ये ऐंशी. आवाज वर यायला लागलेला वेळ वजा करा. सत्तरच्या आसपास. साठच्या दोरावर पोरगा अधांतरी लटकेल."

"आणि चुकलीस तर?" पोलिकार्पोने विचारलं.

"तर दोर उरेल."

दुसरा दोर जोडायला अर्धा तास गेला. तेवढ्यात खालची ठकठक थांबली. फेर्मिनची बायको, जिचा भाऊ आत होता, असुंताच्या अंगावर धावून गेली, "तुझ्या हिशेबापायी मेले ते!" असुंताने गाठ तीनदा ओढून पाहिली.

दोर धरणाऱ्यांत मी होतो. साठावी खूण हातातून सरकली. फेर्मिन अजून लटकतच होता. पासष्ट. एकाहत्तरला दोर सैल पडला, मग तीन झटके, माणशी एक. तिघंही जिवंत होते. पाण्याने पाइप बुडाला होता, म्हणून ठकठक बंद.

शेवटचा वर आला तेव्हा असुंता मागे एका दगडावर बसली होती. थकवा मारायला चघळतात ती कोकाची पानं तिच्या बोटांतून सांडत होती, तोंडापर्यंत जाईनात. शेवटी फेर्मिनच्या बायकोने ती तिला भरवली.